वाकड्या इमारतीवर सरळ छप्पर
परांचीवरील तात्पुरत्या छताचे काम घेणाऱ्यांसाठी काही हिशेब

जुन्या वाड्याचे छप्पर उतरवले आहे, काम अर्धे झाले आहे आणि जूनचे ढग समोर दिसू लागले आहेत. अशा वेळी मालक मंडप-डेकोरेटर, फॅब्रिकेटर किंवा परांचीचा ठेकेदार यांपैकी कोणाला तरी बोलावतो आणि म्हणतो, "चार महिने पाणी आत येता कामा नये, बोला किती घेणार?" परांचीला मुंबईत पहाड म्हणतात. पाईप, पत्रे आणि ताडपत्री आपल्या अनेक कारागीर बांधवांच्या गोदामात पडलेलीच असतात. त्यामुळे काम सोपे वाटते, इमारतीची लांबी-रुंदी गुणून चौरस फुटाचा भाव सांगितला जातो आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

जुन्या इमारती क्वचितच काटकोनात असतात. पुढची बाजू रुंद, मागची अरुंद, मध्ये चौक, एका अंगाला नंतर जोडलेली खोली, मशीद किंवा दर्गा असेल तर घुमट आणि मिनार. नवखा ठेकेदार छप्परही इमारतीच्या आकाराचेच बांधू पाहतो. प्रत्येक पत्रा कापतो, प्रत्येक कैची वेगळ्या मापाची करतो आणि शेवटी जितके कोपरे तितक्या गळत्या पदरी पडतात. आमचे सांगणे इतकेच की, छप्पर इमारतीच्या आकाराचे नव्हे तर वाऱ्याच्या आणि पाण्याच्या हिशेबाने बांधावे. इमारत वाकडी असली तरी वरचे छप्पर शक्य तितके सरळ ठेवावे आणि वाकडेपणा कडेला नेऊन तेथे सोडवावा.

हे काम किती मोलाचे आहे?

इंग्लंडमध्ये वेस्ट ससेक्स परगण्यात अपपार्क नावाचा सतराव्या शतकाच्या अखेरीचा वाडा आहे. ३० ऑगस्ट १९८९ रोजी छपरावरील शिशाच्या पत्र्याची दुरुस्ती करताना कारागिरांच्या ज्योतीने तेथे आग लागली आणि छप्पर गेले. वाचलेल्या भिंती आणि आतले नक्षीकाम पावसाने नष्ट होऊ नये म्हणून संपूर्ण वाड्यावर परांचीचे तात्पुरते छप्पर उभारण्यात आले. त्याखाली काही वर्षे काम चालले आणि १९९५ मध्ये वाडा पुन्हा लोकांसाठी खुला झाला.

पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली. ही इमारत क्रुसाच्या आकाराची आहे. मनोऱ्याच्या दुरुस्तीसाठी बांधलेली लोखंडी परांची आगीत वितळून एकमेकांत गुंतली. सुमारे ४० हजार नळ्यांचा तो सांगाडा जून ते नोव्हेंबर २०२० या काळात कापून उतरवावा लागला आणि तो हटल्यावरच मधल्या भगदाडावर छप्पर घालता आले. डिसेंबर २०२४ मध्ये ती इमारत पुन्हा उघडली. तात्पुरते छप्पर वेळेवर पडले नाही तर मूळ कामही अडून राहते, हे या उदाहरणावरून लक्षात यावे.

आपल्याकडे इतकी मोठी कामे थोडी. पण चुन्याच्या भिंतीचा वाडा, सागवानी माडीचे घर किंवा शंभर वर्षांची मशीद यांचे नुकसान पावसाने तसेच होते. मातीची किंवा चुन्याची भिंत वरून भिजली की फुगते, आणि लाकडाची टोके भिंतीत कुजतात.

आधी माप, मग भाव

चारी बाजू मोजल्या म्हणजे इमारत मोजली असे होत नाही. चार बाजूंची मापे तीच राहून आकार तिरका होऊ शकतो. म्हणून दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे नसतील तर इमारत काटकोनात नाही असे समजावे. आकार पाच-सहा बाजूंचा असेल तर त्याचे मनाने त्रिकोण पाडावेत आणि प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही बाजू मोजून कागदावर उतरवाव्यात. यात अर्धा दिवस जातो, पण पुढचे पंधरा दिवस वाचतात.

आता छपराचे क्षेत्र पाहू. समजा इमारत १२ मीटर रुंद आणि १८ मीटर लांब आहे. तिचे क्षेत्र २१६ चौरस मीटर झाले. पण पाऊस तिरपा येतो, म्हणून छप्पर चारी बाजूंनी निदान एक मीटर बाहेर काढावे लागते. म्हणजे १४ गुणिले २०, एकूण २८० चौरस मीटर. केवळ वळचणीमुळे काम सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. त्यात उतार आणि पत्र्यावर पत्रा चढवण्याचा भाग मिळवावा. ज्याने २१६ वर भाव दिला तो पहिल्या दिवसापासून तोट्यात आहे, आणि तोट्यातला ठेकेदार क्लॅम्प आणि वजने यांत काटकसर करतो. अपघाताचे मूळ पुष्कळदा येथे असते.

वाकडेपणा कसा सोडवावा?

पुढे रुंद, मागे अरुंद: दर्शनी बाजू १२ मीटर, मागची ९ मीटर आणि खोली १८ मीटर आहे असे धरा. मागे जागा मोकळी असेल तर सरळ आयताकृती छप्पर घालून मागची बाजू जरा जास्त बाहेर राहू द्यावी, हे सर्वांत स्वस्त. शेजाऱ्याची हद्द आड येत असेल तर मागच्या मापाइतका सरळ पट्टा मुख्य छप्पर म्हणून एकसारख्या कैच्यांनी बांधावा. उरते ती एक पाचर, पुढे ३ मीटर आणि मागे शून्य. तिच्यावर वेगळे एकपाखी छप्पर खालच्या पातळीवर घालावे. त्याची वरची कड मुख्य वळचणीच्या खाली निदान अर्धा मीटर आत सरकवावी. पत्रे कापायचे ते फक्त या पाचरीत.

काटकोनी, म्हणजे दोन अंगांची इमारत: येथे दोन उतार मिळून जी खाच तयार होते तिला कारागीर व्हॅली म्हणतात. तात्पुरत्या छपरात ती शक्यतो येऊच देऊ नये, कारण तिच्यात दोन्ही पाख्यांचे पाणी एकत्र येते आणि पानांनी ती तुंबते. लांब अंगाचे छप्पर पूर्ण लांबीचे आणि उंच करावे. आखूड अंगाचे छप्पर इतके खाली घ्यावे की त्याचे आढेसुद्धा मोठ्या छपराच्या वळचणीखाली जाईल. मग वरचे पाणी खालच्या पाख्यांवर पडून बाहेर जाते. दोहोंमधील फटीतून वारा पाणी आत फेकतो, म्हणून तेथे ताडपत्रीचा पडदा घट्ट बांधावा.

चौक असलेला वाडा: चौकाभोवती चार छपरे घालून मध्ये पाणी सोडण्यापेक्षा चौकासह सगळे एका छपराखाली घेणे बहुधा बरे. चौकात पाय उभे करता येतात, त्यामुळे कैचीचा गाळाही कमी होतो.

घुमट आणि मिनार: घुमटावर पाईप टेकवू नये आणि त्याला दोरही ताणू नयेत. घुमटाच्या कमानी दाबावर उभ्या असतात, आडवा ओढा त्यांना सोसत नाही. घुमट छपराखाली घ्यायचा तर सांगाडा त्याच्यापासून मोकळा ठेवावा. मिनार फार उंच असेल तर तो छपराबाहेर राहू द्यावा आणि त्याच्याभोवती ताडपत्रीची झालर बाहेर उतार देऊन बांधावी. ती रुंद पट्ट्याने आवळावी. चुन्याच्या गिलाव्यात खिळे किंवा बोल्ट ठोकू नयेत.

पाय कोठे ठेवायचे?

छपराचे वजन जुन्या भिंतीवर टाकण्याचा मोह फार होतो. पण जी भिंत दुरुस्त करायची आहे तिच्यावरच छप्पर टेकवले तर काम करणार कसे? पाय जमिनीपासून स्वतंत्र उठवावेत. एका बाजूला शेजारची भिंत हातभर अंतरावर असेल तर पाय आतून, मजल्यातून काढावे लागतात. अशा वेळी मजल्यावर थांबू नये. प्रत्येक पायाखाली तळमजल्यापर्यंत, एकाखाली एक, टेकू यायला हवेत.

एका पायावर १००० किलो भार आला आणि खालची बेस प्लेट १५ सेंमी गुणिले १५ सेंमीची असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ४.४ किलो दाब पडतो. भिजलेल्या मातीला तो झेपत नाही. त्याच प्लेटखाली २३ सेंमी रुंद आणि ६० सेंमी लांबीची जाड फळी घातली तर दाब ०.७ किलोच्या आसपास येतो. दहा-वीस रुपयांच्या वस्तू वाचवण्याची ही जागा नव्हे. गटाराचे झाकण, जुनी विहीर, शौचकूपाची टाकी यांवर पाय येत नाही ना, हे मालकाला विचारून घ्यावे. पन्हळीचे पाणीही पायांजवळ सोडू नये.

वारा छप्पर उचलतो

छप्पर खाली कोसळेल ही भीती सर्वांना असते, पण ते वर उडेल याचा विचार थोडे करतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या भागांतील असंख्य घरांचे पत्रे आणि कौले गेली. ती तर वर्षानुवर्षे उभी असलेली छपरे होती. बाजूंनी उघड्या तात्पुरत्या छपराच्या खाली वारा शिरतो आणि वरून तो त्याला ओढतो.

वाऱ्याच्या दाबाचे साधे सूत्र आहे. वेग मीटर-सेकंदात घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि ०.६ ने गुणावे. उत्तर न्यूटनमध्ये येते, त्याला १० ने भागले की अंदाजे किलो. वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर असेल तर दर चौरस मीटरवर २४ किलो. ताशी १०८ किलोमीटरला सुमारे ५५ किलो. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोन पट होतो. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर दिला आहे. तात्पुरती बांधणी आणि दाट वस्ती असेल तर तो काही अंशी कमी धरता येतो, पण किती हे इंजिनियरने ठरवायचे.

आपल्या २८० चौरस मीटरच्या छपराला हे लावून पाहू. पत्रे, पर्लिन आणि कैच्या मिळून दर चौरस मीटरला २० किलो वजन धरले आणि वाऱ्याचा उचल-जोर ५५ किलो धरला, तर ३५ किलो उरतात. २८० गुणिले ३५, म्हणजे ९,८०० किलो. जवळजवळ १० टन जोर छपराला वर ओढतो आहे. त्याला दीडपट सुरक्षितता ठेवून बांधायचे तर १४.७ टन वजन पायाशी हवे. काँक्रीटचा एक घनमीटरचा ठोकळा सुमारे २.४ टनांचा असतो, म्हणजे असे ७ ठोकळे. ते एका जागी न ठेवता सर्व पायांत वाटावे लागतात आणि कडेच्या व कोपऱ्याच्या पायांना जास्त द्यावे लागतात, कारण ओढ तेथेच अधिक असते. वाळूची पोती उन्हापावसात फाटतात आणि पाण्याची पिंपे गळतात. त्यांवर भिस्त ठेवायची तर ती रोज पाहावी लागतात. हा हिशेब समजण्यापुरता आहे. प्रत्यक्ष बांधणीचा नकाशा आणि गणित इंजिनियरच्या सहीचेच असावे.

येथे एक गोष्ट नेहमी नजरेतून सुटते. पायाशी वजन ठेवले, पण उभे पाईप एकमेकांत नुसत्या पिनवर बसवलेले असतील तर ते वर ओढल्यावर सुटून येतात. पिन दाब घेते, ओढ घेत नाही. म्हणून उभ्या पाईपांच्या प्रत्येक जोडावर बाहेरून दुसरा पाईप लावून तो वर आणि खाली क्लॅम्पने आवळावा, किंवा ओढ घेणारा जोड वापरावा. छपरापासून वजनापर्यंतची साखळी कोठेही तुटता कामा नये. तसेच दोन्ही दिशांना आणि छपराच्या पातळीतही तिरके बांध हवेत. त्यांच्याविना सांगाडा पत्त्यांच्या घरासारखा कलतो.

पाईप आणि क्लॅम्पची पारख

परांचीचा पाईप बाहेरून ४८.३ मिलिमीटर असतो, पण जाडी बाहेरून दिसत नाही. त्याला काटा लावावा. ३.२ मिलिमीटर जाडीचा ६ मीटरचा पाईप सुमारे २१ किलो भरतो. तो १६ किलोच भरला तर जाडी २.४ च्या आसपास उरली आहे असे समजा. असा पाईप छपराच्या कामाला घेऊ नये. भाड्याने माल घेणाऱ्यांनी ट्रक उतरवतानाच चार-सहा पाईप तोलून पाहावेत. क्लॅम्पचा नट सुमारे ५० न्यूटन-मीटर इतका पिळावा लागतो. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी २० किलोचा जोर दिला की तो तेवढा होतो. फळी धरणारे हलके क्लॅम्प भार घेण्याच्या जागी लावू नयेत.

पाणी थांबता कामा नये

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या छपरावर तो २ लाख ६४ हजार लिटर होईल. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर दर सेकंदाला जवळजवळ ८ लिटर पाणी पन्हळीतून जायला हवे. मंडपाची बारीक नळी येथे कामाची नाही.

ताडपत्री ढिली पडून २ मीटर गुणिले ३ मीटरचा खळगा झाला आणि त्यात सरासरी १० सेंटिमीटर पाणी साचले तर ते ६०० किलो होते. वजनाने खळगा वाढतो, मग पाणी आणखी वाढते आणि शेवटी पाईप वाकतो. म्हणून मोठ्या कामाला पत्राच बरा. त्याला निदान १० अंश उतार, म्हणजे साडेपाच-सहा मीटरला एक मीटर, द्यावा. पत्र्याच्या टोकावर टोक १५ सेंटिमीटर चढवावे आणि बाजूचा जोड वाऱ्याच्या दिशेला पाठ करून घ्यावा. ताडपत्री वापरायचीच तर उतार अधिक आणि खालचे पाईप जवळजवळ हवेत.

माणसांचा जीव

पत्रा चढवताना आणि उतरवताना पडून मरणारे हे बहुतेक आपल्याच मोहल्ल्यातले तरुण असतात. कमरेच्या दोरीऐवजी अंगभर पट्टा वापरावा आणि तो अडकवायला वेगळा मजबूत पाईप किंवा दोर असावा. ओल्या पत्र्यावर आणि जोराच्या वाऱ्यात कोणाला चढवू नये. जवळून विजेची तार जात असेल तर आधी वीज कंपनीकडून ती बंद किंवा आच्छादित करून घ्यावी, आणि लोखंडी सांगाड्याला अर्थिंग द्यावे. छपराखाली वेल्डिंग आणि कटिंग करताना ठिणगी ताडपत्रीवर किंवा जुन्या लाकडावर पडते. अपपार्कची गोष्ट याच कारणासाठी लक्षात ठेवावी. काम संपल्यावरही तासभर एक माणूस पाण्यासह तेथे थांबवावा.

करारात काय लिहावे?

तोंडी व्यवहारावर भिस्त ठेवू नये. किती चौरस मीटर छप्पर, किती उंची, किती महिने, मुदत वाढली तर आठवड्याला किती भाडे, हे लिहून घ्यावे. उतरवण्याचा खर्च वेगळा दाखवावा. दर आठवड्याला आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर तपासणीची जबाबदारी कोणाची, ती नोंद कोठे ठेवायची, हेही लिहावे. इमारतीत काम करणारे गवंडी-सुतार आड येणारा एखादा तिरका पाईप सोडून टाकतात. म्हणून "आमच्या माणसाशिवाय कोणीही क्लॅम्प सोडू नये" हे कलम हवेच. नगरपालिकेची परवानगी आणि शेजाऱ्याची संमती मालकाने आणायची. कामगारांचा विमा ठेकेदाराने काढायचा आणि त्याचा हप्ता भावातच धरायचा.

वादळाची सूचना आली तर काय करायचे, हेही आधी ठरवावे. अर्धे पत्रे काढलेले छप्पर पूर्ण छपरापेक्षा धोक्याचे असते. वेळ हातात असेल तर एका बाजूपासून पूर्ण उतरवावे, नसेल तर सर्व हूक आणि बांध तपासून माणसे खाली आणावीत आणि परिसर रिकामा करावा.

असे सगळे धरून दिलेला भाव शेजारच्या ठेकेदारापेक्षा जास्त येईल आणि मालक कुरकुर करील. त्याला हा कागद दाखवावा, दहा टनांचा हिशेब समजावून सांगावा. जो समजून घेईल त्याचे काम घ्यावे. जो म्हणेल, "वजने कशाला, दोऱ्या बांधा," त्याचे काम सोडून द्यावे. एका हंगामाची कमाई गेली तरी पुढच्या हंगामात धंदा उभा राहतो. एखाद्या मजुराचा जीव गेला तर त्याच्या घराची रोजी कायमची जाते आणि तिची भरपाई कोणत्याही नफ्यातून होत नाही.